स्तनाच्या कर्करोगातील हार्मोन-उपचार : वेळ, कालावधी आणि दुष्परिणाम

स्तनाच्या कर्करोगावरचा हार्मोन-उपचार शरीराला हार्मोन पुरवत नाही. गाठीला मिळणारे हार्मोन तोडतो. या रोगाच्या बहुसंख्य गाठींतील पेशींमध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे रिसेप्टर असतात. इस्ट्रोजेन त्यांना जाऊन चिकटले की पेशी विभागू लागते. ते चिकटू दिले नाही, किंवा मुळात तयारच होऊ दिले नाही, तर पेशींची वाढ थंडावते आणि पुष्कळशा पेशी मरतात. शस्त्रक्रियेत गाठ निघून गेली तरी हाडांच्या मगजात, यकृतात, फुप्फुसात कोणत्याही तपासणीत न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात. वर्षानुवर्षे रोज एक गोळी घ्यायची ती त्यांच्यासाठी. गोळी घेणारी स्त्री त्या काळात बहुधा हिंडती-फिरती आणि कामाला लागलेली असते. तिला रोग जाणवत नाही, जाणवतो तो गोळीचा त्रास. या उपचाराची सगळी अवघड बाजू इथूनच सुरू होते.

उपचाराचा पाया औषधांच्या कितीतरी आधी घातला गेला. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये, पसरलेल्या स्तन-कर्करोगात अंडाशये काढल्यावर गाठी ओसरल्याचे प्रसिद्ध केले. इस्ट्रोजेनचा शोध लागायला तेव्हा सुमारे तीन दशके अवकाश होता. ही शस्त्रक्रिया काही स्त्रियांना लागू पडे, अनेकींना पडत नसे, आणि त्याचे कारण कोणालाच सांगता येत नव्हते. शिकागोत एलवूड जेन्सन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेन-रिसेप्टर दाखवून दिला आणि कोडे सुटले. या उपचारातील टॅमॉक्सिफेन या औषधाची कथा याहून निराळी. १९६२ साली इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी ते तयार केले ते गर्भनिरोधक म्हणून. त्या कामात ते अपयशी ठरले. स्त्रियांमध्ये ते उलट बीजोत्सर्ग घडवून आणी. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयातून कर्करोगावरील पहिला अहवाल आला, १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये औषधाला मान्यता मिळाली. ते थोडे महिने न देता वर्षानुवर्षे द्यावे, हा विचार क्रेग जॉर्डन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून पुढे आणला. आज टॅमॉक्सिफेन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि भारतात त्याच्या जेनेरिक गोळ्या स्वस्तात मिळतात.

हा उपचार कोणाला द्यायचा हे एका तपासणीवर ठरते. गाठीच्या तुकड्यावर विशिष्ट रंगद्रव्ये वापरून किती टक्के पेशींत रिसेप्टर आहेत हे पाहतात. १ टक्का पेशींत ते दिसले तरी अहवाल ‘ईआर (इस्ट्रोजेन-रिसेप्टर) पॉझिटिव्ह’ धरला जातो. १ ते १० टक्क्यांच्या मधल्या गाठींना औषधाचा फायदा कमी आणि अनिश्चित असतो, म्हणून त्यांची नोंद वेगळी करतात. पाश्चात्त्य देशांत सुमारे तीन-चतुर्थांश गाठी पॉझिटिव्ह निघतात. भारतातील रुग्णालयांच्या नोंदींत हे प्रमाण कमी असते. त्याचे एक कारण भारतीय रुग्ण सरासरीने तरुण असतात हे आहे. दुसरे कारण मात्र टाळता येण्यासारखे आहे. काढलेली गाठ ताबडतोब, पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये पडली पाहिजे आणि त्यात साधारण ६ ते ७२ तास राहिली पाहिजे. तालुक्याच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये गाठ नुसत्या सलाइनमध्ये ठेवली, किंवा मोठी गाठ न कापता तशीच बरणीत टाकून दोन दिवसांनी शहरात पाठवली, तर आतले रिसेप्टर नष्ट होतात आणि अहवाल खोटा ‘निगेटिव्ह’ येतो. अशा अहवालामुळे एखादी स्त्री दहा वर्षांच्या संरक्षणाला मुकते, आणि हे कोणाच्या कधी लक्षातही येत नाही. वय जास्त, गाठ सावकाश वाढणारी आणि अहवाल निगेटिव्ह, अशी विसंगती दिसली तर मेणात जपलेला तुकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घेणे योग्य.

औषधांचे मुख्य प्रकार तीन. टॅमॉक्सिफेन, रोज २० मिलिग्रॅम, रिसेप्टर अडवून ठेवते. पाळी चालू असो वा गेलेली असो, ते चालते. दुसरा गट अ‍ॅरोमाटेझ इन्हिबिटरचा : अ‍ॅनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम, लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम. पाळी गेल्यावरही चरबी, स्नायू आणि इतर ऊतींमध्ये थोडे इस्ट्रोजेन बनत राहते; ते बनवणारे विकर या गोळ्या बंद पाडतात. तिसरा प्रकार अंडाशये थांबवण्याचा : गोसेरेलिन किंवा ल्यूप्रोलाइडसारखे इंजेक्शन दर महिन्याला, किंवा शस्त्रक्रियेने अंडाशये कायमची काढून. फुलवेस्ट्रंट हे कमरेच्या स्नायूत द्यायचे इंजेक्शन मुख्यतः पसरलेल्या रोगात वापरतात.

या तीन प्रकारांत सर्वांत धोकादायक गल्लत होते ती पाळीच्या बाबतीत. अंडाशये चालू असलेल्या स्त्रीला नुसती लेट्रोझोलची गोळी दिली तर इस्ट्रोजेन घटण्याऐवजी मेंदूकडून अंडाशयांना जोरात काम करण्याचा इशारा जातो. वंध्यत्वाच्या उपचारात लेट्रोझोल वापरतात ते याच कारणाने. म्हणजे कर्करोगासाठी दिलेली गोळी निरुपयोगी, शिवाय गर्भ राहण्याची शक्यता. केमोथेरपीने पाळी थांबली म्हणजे ती गेली असे नाही. चाळिशीच्या आतबाहेरच्या स्त्रियांत ती वर्ष-दीड वर्षानेही परत येते. महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भपिशवी तरुणपणी काढलेली पण अंडाशये शाबूत, अशा स्त्रीची ‘पाळी गेलेली’ असते, तिचे इस्ट्रोजेन मात्र पुरेपूर असते. तिला ‘पाळी कधी गेली?’ एवढेच विचारून अ‍ॅनास्ट्रोझोल लिहून देणे ही उपचारातली गंभीर चूक होय. अशा वेळी रक्तातील एस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) आणि एफएसएच (अंडाशयांना चालना देणारे मेंदूकडचे संप्रेरक) यांची तपासणी, तीही एकदाच नव्हे तर पुन्हा पुन्हा, लागते. नेहमीच्या तपासणी-संचांना अगदी कमी पातळीचे एस्ट्राडायॉल नीट मोजता येत नाही, म्हणून संवेदनशील पद्धत वापरणारी प्रयोगशाळा निवडावी लागते. शंका असेल तोवर टॅमॉक्सिफेन सुरक्षित.

आता वेळेचा प्रश्न. लवकर सापडलेल्या रोगात नेहमीचा क्रम शस्त्रक्रिया, लागली तर केमो, लागले तर रेडिएशन आणि मग गोळी असा असतो. केमो आणि टॅमॉक्सिफेन एकाच वेळी देऊ नयेत, हा नियम अनुभवातून आणि चाचण्यांतून आला. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, केमो संपल्यावर सुरू केलेले टॅमॉक्सिफेन केमोसोबत दिलेल्यापेक्षा सरस ठरण्याकडे कल दिसला. विभागणी मंदावलेल्या पेशींवर केमोचा मारा कमी बसत असावा. शिवाय दोन्ही उपचारांनी रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. ते एकत्र आले की तो आणखी वाढतो. म्हणून शेवटच्या केमोनंतर तीन-चार आठवड्यांनी, केस पुन्हा उगवू लागायच्या सुमारास, गोळी सुरू होते. अंडाशये थांबवणारे इंजेक्शन याला अपवाद आहे : ते केमोच्या आधी आठवडाभर सुरू करून केमोसोबत चालू ठेवतात, कारण त्यामुळे पुढे पाळी आणि प्रजननक्षमता टिकण्याची शक्यता वाढते. ‘हर-टू’ हे प्रथिन जास्त असलेल्या (हर-टू पॉझिटिव्ह) गाठींवरचे ट्रॅस्टुझुमॅब हे औषधही हार्मोनच्या गोळीसोबत चालते.

रेडिएशनच्या बाबतीत असा कडक नियम नाही. गोळी रेडिएशनच्या काळात चालू ठेवली किंवा ते संपल्यावर सुरू केली, तरी रोगावरच्या परिणामात फरक पडल्याचे दिसलेले नाही. टॅमॉक्सिफेनच्या बाबतीत फुप्फुसाच्या भागात व्रण उमटण्याची थोडी भीती असल्याने काही डॉक्टर ते नंतर सुरू करतात. त्वचा आधीच पोळलेली असताना आणखी एक त्रास नको, हे कारणही पुरेसे आहे.

कधी गोळी शस्त्रक्रियेच्या आधीच येते. वयस्कर स्त्रीची मोठी, पण सावकाश वाढणारी गाठ लेट्रोझोलने चार ते सहा महिन्यांत लहान करता येते, आणि पूर्ण स्तन काढण्याऐवजी फक्त गाठ काढून भागते. हा परिणाम केमोसारखा झपाट्याने दिसत नाही. महिनाभरात गाठ बसली नाही म्हणून उपचार बदलणे ही घाई ठरते. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत शस्त्रक्रिया लांबल्या तेव्हा जगभरच्या रुग्णालयांनी अशा रुग्णांना याच गोळ्यांवर काही महिने सांभाळले.

शस्त्रक्रियेच्या वेळेभोवती मुंबईत झालेले एक काम इथे सांगायलाच हवे. टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील नोंदींवरून, मासिक पाळीच्या कोणत्या टप्प्यात शस्त्रक्रिया झाली याचा आयुर्मानाशी संबंध असावा, असे १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते. पुढे टाटामध्ये त्यांनी सुमारे हजार स्त्रियांवर यादृच्छिक चाचणी घेतली : शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार करता फरक पडला नाही. मात्र काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेलेल्या स्त्रियांत पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण ५४.७ टक्क्यांवरून ६५.३ टक्के झाले. एका उपगटातला हा निष्कर्ष असल्याने जगभरची उपचारपद्धती त्यावरून बदलली नाही. तरीही अगदी स्वस्त औषध आणि नेमकी वेळ यांचा विचार एका भारतीय सार्वजनिक रुग्णालयाने इतक्या कसोशीने केला, याचे मोल मोठे आहे.

सुरू करायला काही कारणाने उशीर झाला तर? खर्चामुळे, बाळंतपणामुळे किंवा ‘केमो झाली, आता बरे झाले’ या समजुतीने अनेक स्त्रिया गोळी सुरूच करत नाहीत. वर्ष उलटून गेले तरी ती सुरू केल्याने फायदा होतो. आता उपयोग नाही, असे म्हणून त्यांना परत पाठवू नये.

किती काळ, हा प्रश्न अधिक अवघड आहे. ऑक्सफर्डमधून चालणाऱ्या जागतिक विश्लेषणाने दाखवले की पाच वर्षांचे टॅमॉक्सिफेन पहिल्या पाच वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणते आणि पंधरा वर्षांतले रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटवते. गोळी थांबल्यावरही तिचा परिणाम वर्षानुवर्षे उरतो. पण ईआर पॉझिटिव्ह रोग चिवट आहे. त्याचे निम्म्याहून अधिक पुनरुद्भव पाच वर्षांनंतर होतात. त्याच गटाने २०१७ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, पाच वर्षे गोळी घेऊन थांबलेल्या स्त्रियांत विसाव्या वर्षापर्यंत दूरच्या अवयवात रोग दिसण्याची शक्यता लहान गाठ आणि काख स्वच्छ असताना १३ टक्के, तर मोठी गाठ आणि काखेत चार ते नऊ गाठी असताना ४१ टक्के होती. ‘अ‍ॅटलास’ चाचणीने दहा वर्षे टॅमॉक्सिफेनची तुलना पाच वर्षांशी केली : पाचव्या ते चौदाव्या वर्षांत रोगाने होणारे मृत्यू १५ टक्क्यांवरून १२.२ टक्क्यांवर आले. त्याच काळात गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण मात्र १.६ वरून ३.१ टक्के झाले.

पाळी गेलेल्या स्त्रियांत अ‍ॅरोमाटेझ इन्हिबिटर टॅमॉक्सिफेनपेक्षा थोडे सरस आहेत. ती पाच वर्षे द्यावीत, किंवा दोन-तीन वर्षे टॅमॉक्सिफेन देऊन मग बदलावे. दोन्ही रीती मान्य आहेत. पाच वर्षांपुढे किती वाढवायचे यावर ऑस्ट्रियातील एका चाचणीचे उत्तर दिलासा देणारे आहे : अ‍ॅनास्ट्रोझोल आणखी दोन वर्षे दिले काय आणि पाच वर्षे दिले काय, रोगात फरक पडला नाही, पण पाच वर्षेवाल्या गटात हाडे जास्त मोडली. तरुण स्त्रियांत ‘सॉफ्ट’ चाचणीचे आठ वर्षांचे आकडे मार्गदर्शक आहेत. नुसत्या टॅमॉक्सिफेनवर ७८.९ टक्के, अंडाशये थांबवून टॅमॉक्सिफेनवर ८३.२ टक्के, आणि अंडाशये थांबवून एक्झेमेस्टेनवर ८५.९ टक्के स्त्रिया रोगमुक्त होत्या. फायदा मुख्यतः जास्त धोक्याच्या स्त्रियांना, पस्तिशीच्या आतल्यांना, केमो लागलेल्यांना. लहान गाठ आणि कमी धोका असलेल्या पंचेचाळिशीच्या स्त्रीला एवढा कठोर उपचार देऊन तिचे जगणे कठीण करण्यात अर्थ नाही, आणि हे तिला स्पष्टपणे सांगणे डॉक्टरचे काम आहे.

दुष्परिणामांत सर्वांत सर्रास आढळणारा त्रास म्हणजे अंगातून निघणाऱ्या वाफा. छातीपासून चेहऱ्यापर्यंत एकदम आग, मग दरदरून घाम, रात्री झोपमोड. टॅमॉक्सिफेनवर त्या अधिक. पहिल्या काही महिन्यांत त्या वाढतात, पुढे बहुतेकींत ओसरतात. गोळीची वेळ सकाळची रात्री केल्याने काहींना बरे वाटते. टॅमॉक्सिफेन आठवडाभराहून अधिक काळ शरीरात रेंगाळत असल्याने वेळ बदलण्याने परिणाम बिघडत नाही. त्रास जास्त असेल तर व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन किंवा ऑक्सिब्युटिनिन उपयोगी पडतात. इथे एक महत्त्वाची सावधगिरी आहे. टॅमॉक्सिफेन यकृतातील ‘सीवायपी-२डी६’ या विकराने एन्डॉक्सिफेनमध्ये बदलते आणि खरे काम मुख्यतः तेच करते. पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन, ब्युप्रोपिऑन ही नैराश्यावरची औषधे तेच विकर अडवतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना कर्करोगाची चिठ्ठी सोबत न्यावी. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा परिणामही टॅमॉक्सिफेनमुळे धोकादायकरीत्या वाढतो. वाफांसाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणे मात्र टाळलेच पाहिजे. स्वीडनमधील ‘हॅबिट्स’ चाचणीत अशा गोळ्यांनी रोग परतण्याचे प्रमाण वाढले आणि चाचणी थांबवावी लागली. शतावरीसारख्या, इस्ट्रोजेनसदृश गुण असल्याचे मानल्या जाणाऱ्या वनौषधींची चूर्णे घरात चालू असतील तर ते डॉक्टरांना सांगावे. जेवणातल्या सोयाबीनची मात्र भीती बाळगण्याचे कारण नाही.

टॅमॉक्सिफेनचे दोन गंभीर धोके विरळा आहेत, पण माहीत असायलाच हवेत. पहिला रक्ताच्या गुठळ्यांचा : एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, अचानक दम लागणे, छातीत कळ. धोका दोन-तीन पटींनी वाढतो आणि पहिल्या दोन वर्षांत जास्त असतो. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर काही आठवडे आधी गोळी थांबवावी का, हे विचारून घ्यावे. लांबच्या प्रवासात अधूनमधून उठून चालावे. दुसरा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा. पाळी चालू असलेल्या तरुण स्त्रियांत तो फारसा वाढत नाही, पन्नाशीपुढे वाढतो. पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल गेले, एकदाच का होईना, तर लगेच तपासणी हवी. पण काहीही त्रास नसताना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून ‘अस्तर जाड झाले’ म्हणून घाबरवणे चूक आहे. टॅमॉक्सिफेनमुळे अस्तराखालचा भाग फुगीर, पाण्याच्या बारीक पोकळ्यांसारखा दिसतो. सोनोग्राफीत ते अस्तराची जाडी म्हणून मोजले जाते. यावरून आपल्याकडे असंख्य अनावश्यक क्युरेटिंग होतात, आणि काही गर्भपिशव्याही निघतात. त्याशिवाय पांढरे जाणे, मोतीबिंदू, यकृतात चरबी, ट्रायग्लिसराइड वाढणे. मधुमेह आणि स्थूलपणा असेल तर यकृताच्या तपासण्या अधूनमधून कराव्यात.

अ‍ॅरोमाटेझ इन्हिबिटरचा मुख्य त्रास सांध्यांचा. जवळपास निम्म्या स्त्रियांना तो जाणवतो, दोन-तीन महिन्यांत सुरू होतो. सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही, कपडे पिळता येत नाहीत, जिना उतरताना गुडघे धरतात. मनगटात मुंग्या येतात, बोट मध्येच अडकते. हा संधिवात नव्हे. सांध्यांची झीज होत नाही, आणि गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत तो जातो. पण सांध्यांच्या डॉक्टरकडे गेलेली स्त्री कर्करोगाची गोळी चालू असल्याचे सांगत नाही आणि तिला वर्षभर संधिवाताची औषधे दिली जातात, असेही घडते. सर्वांत खात्रीचा उपाय नियमित व्यायामाचा आहे : रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणे आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम. ड्युलॉक्सेटिनने आणि अ‍ॅक्युपंक्चरने चाचण्यांत फरक पडला आहे. ड्युलॉक्सेटिन मात्र ‘सीवायपी-२डी६’ काही प्रमाणात अडवत असल्याने पुढे टॅमॉक्सिफेन घ्यायचे ठरल्यास त्याचा विचार पुन्हा करावा लागतो. तरीही भागत नसेल तर गोळी दोन-तीन आठवडे थांबवून त्याच गटातली दुसरी द्यावी. लेट्रोझोल न सोसणारी स्त्री एक्झेमेस्टेन सोसते, असे अनेकदा दिसते. तेही जमले नाही तर टॅमॉक्सिफेनवर आणावे. ‘सोल’ चाचणीत, काही वर्षांच्या उपचारानंतर, लेट्रोझोल दरवर्षी नऊ महिने घेऊन तीन महिने सोडणाऱ्या स्त्रियांना सलग घेणाऱ्यांइतकाच फायदा झाला. गोळी पूर्ण सोडून देण्याच्या तुलनेत ही वाट कितीतरी चांगली.

हाडांचा प्रश्न मुकाट वाढतो. इस्ट्रोजेन गेले की हाडांची घनता दरवर्षी सुमारे २ टक्क्यांनी घटू शकते. अंडाशये थांबवून अ‍ॅरोमाटेझ इन्हिबिटर दिलेल्या तरुण स्त्रियांत घट आणखी वेगाने होते. म्हणून सुरुवातीलाच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, मग दर एक-दोन वर्षांनी. आहार धरून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. उन्हाच्या देशातही ड जीवनसत्त्वाची कमतरता भारतीय स्त्रियांत सर्रास आहे. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे दर सहा महिन्यांनी दिले जाणारे इंजेक्शन हाडे तर वाचवतेच, पण पाळी गेलेल्या स्त्रियांत हाडांत रोग परतण्याचे प्रमाणही घटवते, हे २०१५ च्या विश्लेषणातून पुढे आले. त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात, कारण या औषधावर असताना दात काढला तर जबड्याचे हाड क्वचित सडते. मिश्री लावण्याची सवय असलेल्या, हिरड्या खराब झालेल्या स्त्रियांत ही तपासणी टाळून चालणार नाही.

ज्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते तो त्रास म्हणजे योनीचा कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणे, इच्छा कमी होणे. बाह्यरुग्ण विभागात मागे रांग आणि शेजारी सासू किंवा मुलगा बसलेला असताना कोणती स्त्री हे सांगेल? म्हणून प्रश्न डॉक्टरने किंवा नर्सने एकांतात विचारला पाहिजे. पाण्यावर आधारित जेल आणि योनीतला ओलावा टिकवणारी मलमे हा पहिला उपाय. इस्ट्रोजेनचे स्थानिक मलम अ‍ॅरोमाटेझ इन्हिबिटरवर असताना शक्यतो टाळावे आणि घ्यायचेच झाले तर कर्करोगतज्ज्ञाला विचारून. थकवा, चिडचिड, विस्मरण यांची नोंदही अशीच घ्यायला हवी.

त्रास आणि कालावधी या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. कॅलिफोर्नियातील ८,७६९ स्त्रियांच्या औषध-नोंदी पाहिल्या तेव्हा साडेचार वर्षांत गोळ्या पूर्ण काळ आणि नीट घेणाऱ्या स्त्रिया ४९ टक्केच निघाल्या, आणि अर्धवट सोडणाऱ्यांत मृत्यूंचे प्रमाण जास्त होते. जी गोळी घेतली जात नाही ती कोणत्याही चाचणीत कितीही सरस ठरलेली असो, निरुपयोगी. म्हणूनच सांधेदुखीवरचा व्यायाम, वाफांवरची गोळी, कोरडेपणावरचे जेल यांना किरकोळ सोय मानून चालत नाही; कर्करोगावरच्या उपचारातच त्यांची गणना व्हायला हवी. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. आठवडा राहिली तर लपवू नये.

मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांसाठी २०२३ मध्ये ‘पॉझिटिव्ह’ चाचणीचे निष्कर्ष आले. १८ ते ३० महिने गोळी घेऊन, मग जास्तीत जास्त दोन वर्षे थांबून गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांत तीन वर्षांच्या पाठपुराव्यात रोग परतण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. टॅमॉक्सिफेन गर्भाला घातक असल्याने ते थांबवल्यावर तीन महिने जाऊ द्यावे लागतात, आणि बाळंतपणानंतर गोळी पुन्हा सुरू करावी लागते. एरवी उपचाराच्या काळात गर्भनिरोधन हवे. तेही हार्मोनविरहित, म्हणजे निरोध किंवा तांबी. पाळी थांबली म्हणून गर्भ राहणार नाही, असे धरून चालू नये.

पुरुषांनाही हा रोग होतो, आणि त्यांच्या बहुतेक गाठी ईआर पॉझिटिव्ह असतात. त्यांना टॅमॉक्सिफेनच द्यावे. नुसते अ‍ॅरोमाटेझ इन्हिबिटर त्यांच्यात तितके काम करत नाहीत. वाफा आणि इच्छा कमी होणे यांमुळे पुरुष गोळी लवकर सोडतात.

पसरलेल्या रोगात हिशेब बदलतो. तिथे मुदत नसते. रोग ताब्यात असेपर्यंत औषध चालू. आज अ‍ॅरोमाटेझ इन्हिबिटर किंवा फुलवेस्ट्रंटसोबत पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब किंवा अबेमासिक्लिब देतात. त्यांनी रोग आटोक्यात राहण्याचा काळ पुष्कळ वाढतो. पांढऱ्या पेशी घटणे, अबेमासिक्लिबवर जुलाब, रायबोसिक्लिबवर ईसीजीतील बदल, यांवर लक्ष ठेवावे लागते. यकृत किंवा फुप्फुस झपाट्याने निकामी होत असेल तर प्रथम केमो. हाडांत पसरलेल्या रोगात टॅमॉक्सिफेन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दुखणे एकदम वाढू शकते, रक्तातील कॅल्शियमही चढू शकते. हे रोग वाढल्याचे लक्षण समजून औषध लगेच बंद करू नये, रक्त तपासून पाहावे.

ठरलेली मुदत संपल्यावर टॅमॉक्सिफेन शरीरातून बाहेर पडायला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात, इतर गोळ्या दोन आठवड्यांत जातात. सांधे मोकळे होतात, वाफा कमी होतात. इंजेक्शनने थांबवलेली पाळी तरुण स्त्रियांत परत येऊ शकते. हाडांसाठी डेनोसुमॅब चालू असेल तर ते एकदम थांबवू नये, नाहीतर मणके मोडतात. ते थांबवताना झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड द्यावे लागते. मॅमोग्राम दरवर्षी चालूच राहतो. अनेक आठवडे न जाणारे हाडांचे दुखणे, वाढत जाणारा दम, कारणाशिवाय घटणारे वजन किंवा शस्त्रक्रियेच्या जागी, काखेत, गळ्याच्या हाडाजवळ नव्याने लागलेली गाठ, यांपैकी काहीही दिसले तर गोळी थांबून पंधरा वर्षे झाली असली तरी तपासणी करून घ्यावी.